जेवताना पडलेलं बी

आज एका सिनेमाची गोष्ट सांगते. सिनेमा अमेरिकेतला, १९९८ सालचा. नाव 'अमेरिकन हिस्टरी एक्स'. त्यात मारामारी आणि अत्याचार फार आहेत, म्हणून लहान मुलांना दाखवू नका. पण गोष्ट आपण बायांनी ऐकावी अशी आहे, कारण तिचं मूळ घरच्या जेवणाशी आहे.

लॉस एंजेलिस शहरातलं एक गोरं कुटुंब. वडील आगीच्या बंबावर कामाला. थोरला मुलगा डेरेक हुशार. एकदा जेवताना तो कौतुकानं सांगतो, की आमचे काळे सर फार छान शिकवतात, काळ्या लेखकाचं पुस्तक वाचायला दिलंय. वडील मारत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत. समजुतीच्या सुरात सांगतात, की या लोकांच्या बोलण्याला भुलू नकोस. पोरगा मान डोलावतो. झालं, बी पडलं.

पुढे काळ्यांच्या वस्तीत आग विझवायला गेलेल्या वडिलांना कुणीतरी गोळी घालतं. डेरेकच्या दुःखाचा द्वेष होतो. तो गोऱ्या पोरांच्या टोळीचा म्होरक्या होतो, छातीवर नाझींचं चिन्ह गोंदवतो. एका रात्री गाडी चोरायला आलेल्या दोघा काळ्या तरुणांना ठार मारतो आणि तुरुंगात जातो. धाकटा डॅनी त्याच्याच वाटेला लागतो.

तुरुंगात ज्यांना 'आपले' मानलं, तेच गोरे त्याच्यावर अत्याचार करतात. आणि धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना त्याला हसवतो कोण? लामाँट नावाचा काळा कैदी. त्याची शिक्षा सहा वर्षं. गुन्हा काय, तर टीव्ही चोरला, पोलिसानं धरल्यावर तो पोलिसाच्या पायावर पडला. दोन जीव घेणाऱ्या डेरेकला मात्र तीनच वर्षं! तिथं त्याचे डोळे उघडतात. तेच जुने सर भेटायला येतात आणि विचारतात, की या रागानं तुझं आयुष्य काही सुधारलं का? त्याच्याकडे उत्तर नसतं.

सुटल्यावर तो टोळी सोडतो, डॅनीलाही मागे ओढतो. पण दुसऱ्याच दिवशी शाळेत एक काळा मुलगा डॅनीला गोळी घालतो. माणूस बदलला, पण आधी लावलेली आग त्याच्याच घरात आली.

हे बघताना मला आमचं घर आठवलं. खुरपायला येणाऱ्या बाईचा कप आमच्याकडे वेगळा, गोठ्याच्या वळचणीला. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्यानं तिच्या पोराला पाणी वरून ओंजळीत ओतलं. मी शिकवलं नव्हतं. त्यानं बघितलं होतं. त्या दिवशी तो कप मी घरात आणला, आमच्या कपांत ठेवला. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर बोलायला लागल्या.

मैत्रिणींनो, आज रात्री ताटं वाढाल तेव्हा कुणाबद्दल काय बोललं जातंय, तिकडे जरा कान द्या. पोरं ऐकत असतात.