वाळूतली विहीर
(पालक मेळाव्यातील भाषण)



आपली पाली राजगडाच्या पायथ्याशी. गडाच्या एका दरवाजाला गावाचेच नाव आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि वैशाखात डोक्यावर हंडा! पायाखाली काळा कातळ. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरुमात. म्हणून आपल्या आया-बहिणी नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरत आल्या. वाळू पाणी देते, तशी ती जीवही घेते.

माझ्या लहानपणी आमचे मामू काठच्या वाळूत खड्डा खणत होते. बाजू ढासळली आणि ते छातीपर्यंत गाडले गेले. चौघांनी हातांनी वाळू उपसली तेव्हा सुटले. खाली वाकलेले असते तर?

मुरुमात आधी खणतात, मग बांधतात. वाळूत नेमके उलटे करावे लागते. सुमारे चार फूट रुंदीची सिमेंटची कडी जमिनीवर ठेवायची. सर्वांत खालच्या कडीला धार हवी. आत एकाने बसून कडेकडेने सारखी वाळू काढायची, म्हणजे कडी आपल्या वजनाने खाली बसते. मग वर दुसरी कडी. ओळंबा सारखा धरावा. एका बाजूने जास्त खणले की विहीर तिरपी झालीच. पाण्यातल्या कड्या बारीक वाळू न घालता, खडी-सिमेंटच्या केलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी आत झिरपते. तळाला खडीचा थर द्यावा.

मक्का शरीफची जमजमची विहीर सुमारे 30 मीटर खोल आहे. तिचा वरचा साडेतेरा मीटरांचा भाग वाळू-गाळातला, म्हणून बांधलेला, खाली खडक. आपल्या नदीकाठीही वर गाळ आणि खाली कातळच आहे!

काम वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना करावे. आतल्या माणसाच्या कमरेला दोर आणि वर दोघे जागे हवेत. इंजिन पंप विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुराने माणूस गुदमरतो. विहीर संडासापासून निदान 50 फूट दूर, चढाच्या अंगाला असावी. कठडा, झाकण आणि सांडपाणी वाहून नेणारा ओटा यांत काटकसर नको. पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाण्यात उतरत, त्यातून नारू पसरे. भारत 2000 साली नारूमुक्त ठरला.

खर्चाचे म्हणाल तर कड्यांचा साचा एकच लागतो, तो चार वाड्यांनी मिळून करावा. नववीच्या मुलांनी या सुट्टीत दोरीला दगड बांधून गावातल्या प्रत्येक विहिरीचे पाणी किती खोल आहे ते कठड्याबाहेर उभे राहून मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. वह्या मी जूनमध्ये पाहीन.