आमची जीप, विटांची

दिवाळी आली की आपल्याकडची मुलं दगडमातीचा किल्ला करतात. त्या किल्ल्यावर मावळ्यापेक्षा कोंबडा मोठा असतो, तळ्यापेक्षा मगर मोठी असते, आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारीत नाही. मीही लहानपणी असे पुष्कळ किल्ले केले. त्या अनुभवाच्या बळावर, खेळण्यातल्या विटा जोडून घरच्या जीपची प्रतिकृती करणं म्हणजे दोन संध्याकाळींचं काम, असं मी धरून चाललो होतो. ते काम पाच महिने चाललं. त्या पाच महिन्यांची हकीकत आज सांगायची आहे.

जीप माझ्या वडिलांची. भोर तालुक्यात, हिरडस मावळात त्यांनी तीसएक वर्षं डॉक्टरकी केली. त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डॉक्टरला जीप कशाला लागते हे सांगायला नको. आता वडिलांचे डोळे अधू झाले आहेत. मी शहरातल्या कॉलेजात शिकवतो. जीप गावी छपराखाली उभी असते, आणि उंदीर तिच्या वायरी कुरतडतात. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते तिच्यावर बसण्यासाठी नव्हे तर तिच्याकडे पाहण्यासाठी, असा प्रकार झाला. अखेर ती विकायची असं ठरलं. माझी मुलगी सातवीत आहे. ती म्हणाली, "विकायची तर विका, पण आधी तिची एक प्रत काढून ठेवू." प्रत काढणं हा माझ्या व्यवसायातला शब्द. मी लगेच हो म्हटलं.

या विटांची थोडी ओळख करून देतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले किर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच्या कारखान्याचं नाव पुढे लेगो झालं. ज्या प्लॅस्टिकच्या विटांनी हे नाव जगभर नेलं, त्यांच्या आजच्या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ या तारखेचा आहे. विटेच्या माथ्यावर बटणांसारखे उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या. खालच्या विटेची बटणं वरच्या विटेच्या नळ्यांना घट्ट चिकटून बसतात, पण लहान मुलाच्या हातांनीही सुटतात. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, आणि हे माप इतकं काटेकोर पाळलेलं आहे की १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते. आठ बटणांच्या एका रंगाच्या नुसत्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या तऱ्हांनी जोडता येतात. आमच्यापाशी जुन्या-नव्या मिळून हजारभर तरी तुकडे होते. आता आमची कल्पना करा!

बाजारात गाड्यांचे तयार संच मिळतात. लँड रोव्हर डिफेंडरचा २,५७३ तुकड्यांचा संच २०१९ साली निघाला. सोबत चित्रांची पुस्तिका असते, आणि ती सांगेल तसं आपण करीत जायचं. पण हिरडस मावळातल्या जीपची पुस्तिका डेन्मार्कात कोण छापणार?

पहिला प्रश्न मापाचा. मला वाटलं, आधी सांगाडा करावा आणि मग चाकं लावावीत. मुलीने ते उलटं केलं. तिचं म्हणणं, बाकी सगळं लहानमोठं करता येतं. टायर मात्र जेवढे मिळतात तेवढेच. आमच्याजवळचा बरा टायर ६२.४ मिलिमीटर व्यासाचा. शिवणाची टेप घेऊन आम्ही गावी गेलो. जीपचं चाक २८ इंच भरलं, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ८० इंच. त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं बावीस बटणं आणि वर थोडं. ते थोडं आम्ही सोडून दिलं. आमची प्रत मूळ जीपच्या साधारण साडेअकराव्या हिश्शाची ठरली.

पहिला साचा तयार झाला तेव्हा मी खूश होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ही सिनेमातली जीप आहे. आपली नाही." निरखून पाहिलं तर खरंच. मी बॉनेट बसकं केलं होतं, कारण युद्धपटातल्या जीपचं ते तसं असतं. आमच्या जीपचं बॉनेट उंच आहे, इतकं की पुढून पाहिलं तर ती मान वर करून उभी आहे असं वाटतं. लहानपणापासून जी गाडी पाहिली तिचं नाकच माझ्या ध्यानात नव्हतं. मग ते उंच का, याचा शोध सुरू झाला. विलीज कंपनीच्या जुन्या जीपमध्ये इंजिनच्या दोन्ही झडपा बाजूला असत. १९५३ साली सीजे-३बी हा नमुना निघाला, त्यात हवा आत घेणारी झडप इंजिनच्या माथ्यावर नेली. त्यामुळे ताकद वाढली, पण इंजिनची उंचीही वाढली, आणि त्यावर झाकण बसावं म्हणून बॉनेट उचलावं लागलं. महिंद्र कंपनीने आपल्याकडे याच नमुन्यावर जीप बांधल्या, त्यांतली आमची. आमच्या जीपचं इंजिन पुढे बदललं, डिझेलचं आलं. बॉनेट मात्र पहिल्या इंजिनची आठवण धरून उंचच राहिलं.

दुसरा धडा याहून मोठा होता. वडिलांचा एक दंडक असे: फोर-व्हीलचा दांडा फक्त चिखलात टाकायचा, डांबरी रस्त्यावर आलं की काढायचा. गाडी शिकताना मी तो पाळला, पण कारण कधी विचारलं नाही. आमच्या प्रतीत आम्ही दात्यांची चाकं आणि दांडे बसवून पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जोडला. जीप सरळ ढकलली की उत्तम चाले. फरशीवर वळवली की आतून कट् कट् असा आवाज येई, आणि प्लॅस्टिकचा दांडा पिळवटे. अंगणातल्या वाळूत तीच जीप तक्रार न करता वळे. आम्ही बापलेक दोन दिवस दाते तपासत बसलो. शेवटी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. दोघांना एकत्र बांधलंस तर फेरे सारखे व्हायला हवेत. वाळूत चाक जरा घसरतं आणि हिशेब मिटवतं. फरशीवर घसरायला जागा नाही, मग ताण दांड्यावर." एवढं सांगून ते हसले. "तीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस, तरी हेच सांगितलं असतं."

हे ऐकताना मला माझे विद्यार्थी आठवले. कवितेचा अर्थ ते मार्गदर्शकातून पाठ करतात, आणि मी त्यांना बोल लावतो. मी तरी जीपचं दुसरं काय केलं होतं?

रंगाचं विशेष काही सांगण्यासारखं नाही. जीप पांढरी आहे. आमच्या जुन्या पांढऱ्या विटा उन्हाने पिवळट पडलेल्या आणि नव्या शुभ्र. त्यामुळे प्रतीला दोन पांढरे रंग आले. पण खऱ्या जीपचा डावा मडगार्डही मागाहून रंगवलेला आहे, तेव्हा ते साम्य आम्ही हक्काने पदरात पाडून घेतलं.

काम संपल्यावर जीप वडिलांच्या हातांत दिली. त्यांना ती धूसरच दिसत असावी. त्यांनी बोटं फिरवायला सुरुवात केली. बॉनेटवर बोटं आली तेव्हा म्हणाले, "हां, उंच आहे. बरोबर." पुढची काच, सुकाणू, बाजूचं जादा चाक. मग बोटं मागच्या फाळक्यावर थांबली. त्यांनी तो हलवून पाहिला.

"हा उघडत नाही का?"

मी म्हटलं, "नाही अण्णा. बिजागरीला तुकडे कमी पडले. शिवाय तो मागे असतो, दिसत नाही."

वडील नातीकडे वळले. "अगं, मग बाळंतिणीला आत कशी घ्यायची?"

त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. आम्ही टेप घेऊन जीप मोजली होती, फोटो काढले होते. पण त्या फाळक्यावरून पावसाच्या रात्री घोंगडीच्या झोळीतली किती माणसं आत घेतली गेली, ते टेपवर उमटत नाही. आमच्या लेखी फाळका हा गाडीचा मागचा भाग होता. वडिलांच्या लेखी ते गाडीचं दार होतं.

दुसऱ्या दिवशी पुढचा बंपर मोडून मुलीने दोन बिजागऱ्यांपुरते तुकडे काढले. आता आमच्या प्रतीला बंपर अर्धाच आहे, पण फाळका उघडतो.

जीप पुढच्याच महिन्यात विकली. वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याने घेतली. तो तिच्यातून दुधाचे कॅन आणतो. न्यायला आला तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकू नका, आणि कारणही सांगितलं. दुसरी, मागच्या फाळक्याची उजवी कडी जरा वर उचलून मग ओढावी लागते. ती गोष्ट मला वडिलांनी आदल्या रात्री सांगितली होती.

आपल्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल: शिवणयंत्र, पाणी शेंदायचा रहाट, आजीचं जातं. ती जायच्या आधी मुलांना बरोबर घेऊन तिची प्रत करून पाहा. विटांची करा, पुठ्ठ्याची करा, मातीची करा. ती हुबेहूब होणार नाही. कुठेतरी अडेल, आणि अडलं की ज्याने ती वस्तू वापरली त्याला विचारावं लागेल. तो माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावं.