मज्जारज्जूवरील दुसरा घाव

झाडावरून पडलेला माणूस पुष्कळदां शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. मात्र त्याचे पाय हलत नाहींत. भोंवतीं जमलेले लोक त्याला खांद्यांना व पायांना धरून उचलतात, मिळेल त्या वाहनांत कसेंबसें बसवितात आणि रुग्णालयाकडे धांव घेतात. जें व्हावयाचें तें पडतांक्षणींच होऊन गेलें, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पहिला घाव क्षणांत बसतो; दुसरा पुढें कित्येक तास बसत राहतो, आणि त्याचें एक प्रमुख कारण म्हणजे रक्ताचा तुटवडा होय.

कण्याच्या पोकळींतून जाणारा मज्जारज्जु प्रौढ माणसांत सुमारें ४५ सेंटिमीटर लांब व करंगळीएवढा जाड असतो. मेंदूच्या आज्ञा हातापायांकडे आणि हातापायांच्या संवेदना मेंदूकडे जातात त्या याच मार्गानें. त्याला पोसण्यासाठीं पुढच्या अंगास एक व मागच्या अंगास दोन अशा तीन उभ्या धमन्या आहेत. पुढची एकटी धमनी रज्जूचा सुमारें दोनतृतीयांश भाग सांभाळते. तिला वाटेंत मिळणाऱ्या मोठ्या शाखा थोड्याच असल्यानें, एखादी बंद पडली तर तिचें काम उचलणारी दुसरी जवळ असतेच असें नाहीं.

रज्जूच्या गाभ्यांत पेशींचा करडा भाग असतो आणि त्याभोंवतीं तंतूंचा पांढरा भाग असतो. करड्या भागाला रक्त कितीतरी अधिक लागतें, म्हणून तेथें केशवाहिन्यांचें जाळें दाट असतें. आघात होतांच प्रथम फुटतात त्या याच नाजुक वाहिन्या. कांहीं मिनिटांतच गाभ्यांत रक्त झिरपूं लागतें. इतर वाहिन्या आकसतात, कित्येकींत रक्ताच्या गुठळ्या होतात, सूज चढते. आणि हाडांच्या नळींत सुजेला पसरण्यास जागा नसल्यामुळें ती शेजारचा शाबूत भागही दाबूं लागते.

या दुसऱ्या घावाची चाहूल प्रथम लागली ती फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांस. १९११ सालीं त्यांनीं कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर ठराविक उंचीवरून ठराविक वजन सोडून प्रयोग केले. आघातानंतर रज्जूला चीर देऊन आंत सांचलेलें रक्त व द्रव वाहूं दिला, तर जनावर अधिक सुधारतें, असें त्यांना दिसलें. अर्थात् सारा नाश आघाताच्या क्षणींच होत नसला पाहिजे. पहिल्या महायुद्धांत १९१८ सालीं ते मरण पावले. त्यांची कल्पना मात्र जिवंत राहिली. पुढें टोरांटो येथील चार्ल्स टेटर व त्यांचे सहकारी यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, इजेच्या जागीं मंदावलेला रक्तप्रवाह निदान एक दिवस तरी तसाच मंद राहतो.

निरोगी रज्जूचा एक गुण मोठा आहे. शरीरांतील रक्तदाब कांहीं मर्यादेंत वरखालीं झाला, तरी त्याच्या वाहिन्या रुंद वा अरुंद होऊन प्रवाह सारखा राखतात. आघातानें हा गुण जातो; मग रक्तदाब उतरला कीं प्रवाहही उतरतो. दुर्दैव असें कीं, इजा मानेस अथवा छातीच्या वरच्या भागीं असेल, तर नेमका याच वेळीं रक्तदाब कोसळतो. वाहिन्यांना ताण देणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तुटून त्या सैल पडतात, आणि हृदयाची गतीही मंदावते. जेव्हां रज्जूला रक्ताची गरज सर्वांत अधिक, तेव्हांच तें सर्वांत कमी मिळतें.

म्हणूनच अशा रोग्याचा रक्तदाब आठवडाभर जपण्याची प्रथा पडली. सरासरी दाब ८५ ते ९० मिलिमीटर ठेवावा, असें अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं २०१३ सालीं सुचविलें. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत ही मर्यादा अधिक सैल करण्यांत आली. शक्य तेथें २४ तासांच्या आंत शस्त्रक्रियेनें रज्जूवरील दाब काढतात.

तुटलेले तंतु यानें सांधले जात नाहींत; पण जे अद्याप तुटलेले नाहींत, ते वांचूं शकतात. त्यांतील थोडे वांचले तरी एखाद्याची मूठ वळते, एखाद्याचा मूत्राशय ताब्यांत राहतो. त्यासाठीं पहिलें पाऊल रुग्णालयाबाहेरच पडावें लागतें: पडलेल्याला बसवूं नये, ओढूं नये, १०८ क्रमांकास बोलवावें, आणि हलविणें भागच पडलें तर चारपांच जणांनीं मान व पाठ एका रेषेंत ठेवून सपाट फळीवर घ्यावें. पहिला घाव कोणाच्या हातीं नव्हता. दुसरा मात्र पुष्कळ अंशीं उचलणाऱ्यांच्या हातीं असतो.