शिवाशिवीचा खेळ

(अकोला येथे उन्हाळी क्रीडाशिबिराच्या पूर्वसंध्येस पालकांसमोर केलेले भाषण)



उद्यापासून पंधरा दिवस आपली मुले सकाळी मैदानावर पाठवावीत, ही विनंती करण्यासाठी मी उभा आहे. "खेळून काय पोट भरते?" हा आपला प्रश्न मला ठाऊक आहे. सुटीत सोळा वर्षांचा मुलगा चार पैसे मिळवून आणतो, खारपाणपट्ट्यातील मुलगी गोड्या पाण्यासाठी हंडे वाहते. हे ज्याने पाहिले आहे, त्याने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

पण क्षणभर कबड्डीचा विचार करा. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, कोणाला तरी शिवावे आणि दम न सोडता परतावे. शिवणे हाच त्या चढाईचा हेतू. बचाव करणारे सात गडी हातात हात गुंफून साखळी करतात. खो-खोमध्ये पाठीला तळहात लावून 'खो' दिल्यावाचून बसलेला गडी उठू शकत नाही. आपल्या भाषेत शिवाशिव हा शब्द विटाळालाही आहे आणि शिवाशिवी म्हणून पोरांच्या खेळालाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना या योगायोगाचा अर्थ फोडून सांगण्याचे कारण नाही.

आपल्या वऱ्हाडातच ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी घडली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, ती अंबादेवीच्या मंदिरात आपल्याला पाऊल टाकता यावे की नाही, या प्रश्नावर. त्याच अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखविली. म्हणजे ज्या नगरात माणसाच्या स्पर्शाचा वाद पेटला होता, त्याच नगरातून नऊ वर्षांनी स्पर्शाचा खेळ सातासमुद्रापलीकडे गेला!

तरीही खेळ आपोआप समता शिकवितो, असे मी म्हणणार नाही. पाळवणकर बाळू यांचे चरित्र पाहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या चर्मकार गोलंदाजाने ११४ बळी घेतले. पण त्याआधी पुण्याच्या हिंदू क्लबात, त्यांच्याच गोलंदाजीवर सामने जिंकणारे त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या पात्रात चहा देत. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. माझ्या लहानपणी खेड्यात हुतुतू खेळताना सवर्ण सवंगडी माझी तंगडी खुशाल धरीत. खेळ संपला की विहिरीवर मला वरून ओंजळीत पाणी मिळे.

म्हणून शिबिराची परीक्षा रेषेच्या आत जितकी, तितकीच रेषेच्या बाहेर घ्यावयाची असते. आमच्या शिबिरात संघ वस्तीवार पडणार नाहीत. मेळघाटातून शिकावयास आलेला कोरकू मुलगा, मुसलमान विणकराचा पोर, कुणब्याचा, मातंगाचा आणि आपला, एका साखळीत उभे राहतील. नायकपद रोज फिरेल. हे ऐकून आपण मान डोलावता, ठीक. पण मातंगाच्या पोराचा हात धरताना आपल्याच घरी कपाळाला आठी पडते की नाही, याचाही विचार व्हावा. बावणे-लाडवण म्हणणे आपण दीक्षेबरोबर टाकले असेल, तर ही आठीही टाकावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात ज्यांना जीवनकौशल्ये म्हटले, ती मैदानावर नावे घेऊन शिकवीत नाहीत. पंचाने बाद म्हटले की मुकाट्याने बाहेर जाऊन बसावे लागते. सोबत्याने गुण मिळविला तरच परत आत येता येते. दुसऱ्याच्या श्रमाने आपण जिवंत होतो, हे बारा वर्षांच्या मुलाला याहून सोपे कसे सांगावे? घरात ज्या मुलीचा आवाज ऐकू येत नाही, तिला 'खो' मोठ्याने द्यावाच लागतो. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टीच्या फुटबॉलला आरंभ केला. आपल्या वस्तीतही अशी बादली सापडेल.

आता मुलींविषयी. आतापर्यंत नावे आली ती बहुतेक मुलग्यांची. वैशाखात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर चढतो, म्हणून वेळ सकाळी सहा ते साडेआठ ठेवली आहे. या अडीच तासांपुरते हंडे आईबापांनी किंवा भावाने वाहावेत. मुली रोज घरी परततील. कोणत्याही आईने केव्हाही येऊन रेषेवर बसावे.

नोंदवही दाराशी ठेवली आहे. उद्या मैदानावर पाण्याचा रांजण एकच राहील, आणि पाणी वाढावयास पहिल्या दिवशी कोणी उभे राहावयाचे, हे मुलेच ठरवितील.