मतदान केंद्राची पायरी आणि मताची गुप्तता

मतदान केंद्र बहुधा शाळेच्या खोलीत असते आणि शाळेच्या खोलीला बहुधा ओटा असतो. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या धरल्या तर ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर होते. सुगम बांधकामात एकास बारा हा उतार मानतात, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी टाकलेली दीड मीटरची फळी चाकाच्या खुर्चीला चढवत नाही, उलटवते. मग चार जण मतदाराला खुर्चीसकट उचलतात. पाहणाऱ्यांना त्यात सेवाभाव दिसतो. उचलल्या जाणाऱ्या माणसाच्या मानाचा विचार कोणी करत नाही.

रॅम्पचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तो दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपमुळे. एप्रिल २००४ मध्ये, लोकसभेची निवडणूक चालू असतानाच, न्यायालयाने रॅम्पविषयी अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत मतदान यंत्रावर ब्रेल अंक आले. पुढे २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या कलम ११ ने प्रत्येक मतदान केंद्र आणि निवडणुकीचे सगळे साहित्य सुगम ठेवण्याची जबाबदारी केंद्रीय व राज्य निवडणूक आयोगांवर टाकली.

ब्रेलपाशी मात्र थांबायला हवे, कारण मुख्य मुद्दा तिथे आहे. मतपत्रिका यंत्रावर प्रत्येक निळ्या बटणाशेजारी उभार अंक असतो. केंद्रावर ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मिळते. अंध मतदार ती बोटांनी वाचतो, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवतो, पडद्याआड एकटा जातो आणि बटण दाबतो. मताला साक्षीदार नसतो. चार ठिपक्यांच्या उंचवट्याने जे साधले, ते शंभर स्वयंसेवकांना साधणार नाही. उणीव पुढे आहे. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, ती डोळस मतदारासाठी. अंध मतदाराला फक्त ‘बीप’ ऐकू येतो. मत नोंदले गेले हे कळते, कोणाला गेले हे कळत नाही. कानात सांगणारी सोय व्हायलाच हवी.

ब्रेल न येणाऱ्यांसाठी, तसेच हात चालत नसलेल्यांसाठी, निवडणूक नियमांतील ४९-एन हा नियम आहे. मतदार किमान १८ वर्षांचा सोबती आत नेऊ शकतो. सोबत्याला गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. मात्र ज्याला फक्त चालायला आधार हवा आणि बटण स्वतः दाबता येते, त्याचा सोबती मतदान कक्षाच्या बाहेरच थांबतो. हा फरक केंद्रावर नेहमी पाळला जात नाही. म्हातारपणी हात थरथरतो म्हणून मुलगा बटण दाबून मोकळा होतो आणि आईचे मत मुलाचे होते.

जबलपुरात हा प्रश्न आणखी जवळचा आहे. १९०४ पासूनचा गन कॅरेज कारखाना, खमरियाचा आयुध कारखाना, रेल्वे यांतून निवृत्त झालेली कित्येक मराठी जोडपी इथे एकटी राहतात. मुले पुण्याला, बंगळुरूला. एका इमारतीतल्या चार वृद्धांना एकच शेजारी तरुण केंद्रापर्यंत आणू शकतो, पण कक्षात एकाचाच सोबती होऊ शकतो. नियम योग्य आहे, नाहीतर मतांचे ठेकेदार तयार होतील. म्हणूनच वृद्धाला सोबती लागणारच नाही अशी व्यवस्था आधी हवी: मोठ्या अक्षरांचे फलक, पुरेसा उजेड, रांगेत बसायला खुर्ची, तळमजल्यावरची खोली.

घरून मतदानाला विरोध आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच देशभर मिळाली. ८५ वर्षांवरील, तसेच किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांसाठी ती होती. अंथरुणाला खिळलेल्यांना ती वरदानच आहे. पण अर्ज १२-डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांतच द्यावा लागतो, आणि घरी येते ती कागदी मतपत्रिका. अंध मतदाराला यंत्रावर मिळणारा एकांत छापील कागदावर मिळत नाही. घरपोच सोय झाली म्हणून शाळेची पायरी तशीच ठेवणे, हे चूकच. त्या शाळेत उरलेले वर्षभर मुले येतात. पक्का रॅम्प त्यांच्याही उपयोगाचा.

वेळ संपत आल्याने मूकबधिर आणि बौद्धिक दिव्यांग मतदारांचा विषय फक्त नोंदवता येतो. सांकेतिक भाषेतील सूचना आणि सोप्या चित्रांचे माहितीपत्रक या त्यांच्या मुख्य गरजा आहेत.

मतदार यादीत दिव्यांगत्वाची नोंद नसेल, तर कोणत्या केंद्रावर खुर्ची किंवा ब्रेल पत्रिका लागेल हे प्रशासनाला कळत नाही. ती नोंद अर्ज क्रमांक ८ भरून करता येते. जबलपूर जिल्ह्यातील आठही विधानसभा मतदारसंघांतल्या मराठी कुटुंबांनी आपल्या घरातल्या आणि शेजारच्या अशा मतदारांचा हा अर्ज निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आताच मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) द्यावा.