पटावरचे शेवटचे नाव

(भोर येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रायरेश्वर, रोहिडा, राजगड आणि तोरणा यांच्या सावलीत उभे राहून बोलताना इतिहासाचा मोह आवरत नाही. हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, मोसे खोरे ही नावे उच्चारली की शिवरायांचे सवंगडी डोळ्यांसमोर उभे राहतात. आज मात्र मला या खोऱ्यांतील एका साध्या वहीविषयी बोलायचे आहे. ती वही म्हणजे शाळेचा हजेरीपट.

२०१८ मध्ये पानशेतच्या पलीकडील चांदर या दुर्गम गावाची बातमी देशभर गाजली. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच विद्यार्थी होता आणि त्याच्यासाठी एक शिक्षक डोंगरवाटेने रोज दुचाकीवरून येत होता. वृत्तपत्रांनी त्या शिक्षकाचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण त्या बातमीतील दुसरा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. त्या मुलाला वर्गमित्र का उरला नव्हता?

त्याचे उत्तर शाळेत सापडणार नाही, गावात शोधावे लागेल. २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढून ९४ लाखांवर गेली. त्याच जिल्ह्यातील वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचोपन्न हजारांवर होता. शहर फुगत होते आणि डोंगर रिकामा होत होता. पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा देवघर या धरणांनी पुण्याची तहान आणि खालच्या पट्ट्यातील शेती भागवली. पण ज्या खोऱ्यांत पाणी साठले, तेथील सुपीक जमीन पाण्याखाली गेली. उरली ती वरकस जमीन आणि पावसाळी भात. तरुण आधी मुंबईला गेला, मग पुण्याला, आता महामार्गालगतच्या कारखान्यांत जातो. लग्न झाले की पत्नीलाही नेतो आणि मूल शाळेच्या वयाचे झाले की गावाकडे आजी-आजोबा तेवढे उरतात.

याला दुसऱ्या एका बदलाची जोड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ इतका आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या बराच खाली. आणि तिसरे कारण आपल्या मनातले. भोरच्या पूर्वेकडील गावांत इंग्रजी माध्यमाची पिवळी बस येऊन उभी राहते आणि मराठी शाळेच्या दारावरून मुले घेऊन जाते. फी परवडत नसतानाही पालक ती भरतात. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या, की येथे बसलेल्या आपल्यापैकी किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत?

पट घटला की नेमके काय होते, हे शिक्षकांना ठाऊक आहे, पालकांसाठी सांगतो. शिक्षकांची संख्या पटावरून ठरते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग पाच आणि शिक्षक दोन. त्यांतील एक बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकावर येतात. माध्यमिक शाळेत पट घटला की तुकडी तुटते, शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि दुसरीकडे त्याचे समायोजन होते. बहुधा जातो तो गणिताचा किंवा विज्ञानाचा. तो गेला म्हणून आणखी चार मुले पुण्याला जातात आणि पुढच्या वर्षी आणखी एक तुकडी तुटते. महाविद्यालयात हीच गोष्ट कार्यभाराच्या भाषेत घडते. विद्यार्थी नाहीत म्हणून कार्यभार नाही, कार्यभार नाही म्हणून पद भरले जात नाही, आणि प्राध्यापक नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. भोरच्या मुलासमोर आता घरबसल्या पुण्यातील महाविद्यालयांची यादी उघडते. ज्याला ऐपत आहे तो जातो. मागे राहते ते गरिबाचे मूल, आणि त्यातही मुलगी.

शासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणीत बनावट नावांचे पट उघडे पडले. तो कलंक शिक्षणक्षेत्राने स्वतःच्या कपाळी लावून घेतला होता. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये समूहशाळांचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. तीन मुलांची शाळा चालू ठेवणे म्हणजे त्या मुलांवर उपकारच, असेही मला वाटत नाही. खेळायला भिडू नाही, स्पर्धेला सोबती नाही, असे बालपण कोणाला हवे आहे? समूहशाळेचा एक नमुना म्हणून ज्या पानशेतचे नाव घेतले गेले, ते आपलेच आहे. तेथे परिसरातील छोट्या शाळांची मुले एकत्र आणली गेली.

मग माझा आक्षेप कशाला आहे? केवळ डोकी मोजून निर्णय घेण्याला. पट कागदावर मोजता येतो, पण आषाढातला ओढा कागदावर दिसत नाही. एक किलोमीटर हे सपाटीवरचे अंतर आहे. धनगरवाड्यावरून उतरणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीसाठी तेच अंतर पावसाळ्यात दुप्पट होते. शाळा बंद झाल्यास वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, पण भत्त्याने रस्ता होत नाही. मुलगा मामाकडे पाठवला जातो. मुलगी घरी राहते, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि लवकर लग्नाला उभी केली जाते.

म्हणून निकष असा असावा : जेथे बारमाही रस्ता आहे आणि वाहन खरोखर येते, तेथे शाळा आनंदाने एकत्र कराव्यात. जेथे ते नाही, तेथे एक मूल असले तरी शाळा राहिली पाहिजे. एकशिक्षकी शाळा म्हणजे निकृष्ट शाळा, हे गृहीतही सोडावे. एकल विद्यालयांनी वनवासी पाड्यांवर एका आचार्याच्या बळावर शिक्षण पोचवले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची कल्पना मांडली आहे. त्या संकुलातील गणिताचा, विज्ञानाचा, संगीताचा शिक्षक आठवड्यातून ठरल्या दिवशी प्रत्येक वाडीवर जाऊ शकतो. लहान मुलाने डोंगर उतरण्यापेक्षा मोठ्या माणसाने तो चढावा, हे अधिक न्याय्य आहे.

मोठ्या मुलींसाठी निवासाची सोय हवी. ज्ञान प्रबोधिनीने वेल्हे येथे मुलींचे निवास चालवून हे करता येते, हे दाखवले आहे. असे निवास प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी का असू नये?

आणि शेवटचे मागणे शासनाकडे नाही, आपल्याकडे आहे. पुण्या-मुंबईत राहणारे आपले बांधव जत्रेला गावी येतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने वर्गणी देतात. ती श्रद्धा अभिनंदनीय आहे. त्याच यादीत एक ओळ शाळेसाठी असावी : वाहनाचे इंधन, निवासातील एका मुलीचा खर्च, सुट्टीतला एक आठवडा शिकवण्यासाठी. समाज जे स्वतःचे मानतो तेच टिकते. देऊळ टिकले, कारण ते गावाने आपले मानले. शाळा मात्र आपण जिल्हा परिषदेची मानली.

येत्या जूनमध्ये शाळेची घंटा वाजेल, तेव्हा आपल्या गावच्या पटावर किती नावे आहेत, हे प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावे. मुलांची नावे वाचावीत. जे नाव गेल्या वर्षी होते आणि यंदा नाही, त्या घरी जाऊन ते मूल कोठे आहे, एवढे विचारून यावे. कामाचा आरंभ त्या एका प्रश्नापासून होईल.