स्वस्ताई कुणाच्या जिवावर?



‘निवृत्तीनंतर इक्वेडोरला राहायला जा, तिथे सगळं स्वस्त आहे,’ असा सल्ला अमेरिकेत दिला जातो. अँडीज पर्वतातलं क्वेन्का शहर अशा पेन्शनरांच्या विशेष आवडीचं. हवा थंड, चलन डॉलरच आणि घरकामाला बाई ठेवणंही परवडतं!

मला प्रश्न पडतो, डॉलर तिथे आला कसा? १९९९ मध्ये इक्वेडोरच्या बँका कोसळल्या, लोकांच्या ठेवी गोठवल्या गेल्या. २००० साली एका डॉलरला २५,००० सुक्रे या दरानं देशाचं स्वतःचं चलनच मोडीत निघालं. आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली. लाखो माणसं देश सोडून गेली. त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. आपली मुलं आजी-मावशीच्या हवाली करून त्या स्पेन-इटलीत परक्यांची मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळू लागल्या.

म्हणजे बघा, इथली बाई पोटासाठी परदेशी म्हातारपण सांभाळायला जाते आणि परदेशी म्हातारपण स्वस्ताईसाठी तिच्याच देशात येतं. दोन्हीकडे सेवा बाईचीच.

स्थलांतर करणाऱ्या पेन्शनरांना मी दोष देत नाही. औषधपाण्याचा खर्च झेपत नाही म्हणून निघालेल्या एकट्या स्त्रियाही त्यांत असतात. पण ‘स्वस्त’ या शब्दामागे कुणाची तरी मजुरी असते. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला. इक्वेडोरनं तो २०१३ मध्ये मान्य केला. भारतानं अजून केलेला नाही.

तेव्हा स्वस्ताईचा हिशेब मांडताना आधी आपल्या घरातल्या बाईंचा पगार, रजा आणि आजारपण त्यात धरू या.